ट्रेलर ओढताना पिकअपचा गिअर कसा निवडावा

पिकअपच्या मागे कॅम्पर (राहण्याची सोय असलेला ट्रेलर), बोट किंवा सामानाचा ट्रेलर जोडून डोंगराळ रस्त्याला लागणे ही अमेरिकेत रोजची गोष्ट आहे, आणि तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकीही काहीजण कॅम्पर घेऊन राष्ट्रीय उद्यानांच्या वाटेला लागतात. हल्लीच्या जवळजवळ सगळ्या पिकअपना स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. त्यातले आठ किंवा दहा गिअर इतक्या सफाईने बदलतात की गिअरचा विचार आपणही करायचा असतो, हे चालक विसरून जातो. रिकाम्या गाडीत ते खपून जाते. मागे तीन टनांचे ओझे असेल तर खपत नाही. गिअरबॉक्सला आत्ताचा वेग, आत्ताचा चढ आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे एवढेच कळते. पुढच्या वळणानंतर पाच मैलांचा सहा टक्क्यांचा (शंभर फुटांत सहा फूट खाली जाणारा) उतार आहे, हे रस्त्याकडेची पिवळी पाटी वाचणाऱ्या माणसालाच कळते. म्हणून गिअरचा निर्णय चढ किंवा उतार लागण्यापूर्वी घ्यायचा असतो आणि तो माणसाने घ्यायचा असतो. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

निघण्यापूर्वी: आपल्या गाडीचे आकडे

पहिले काम घरी बसून करायचे आहे. आपल्या गाडीच्या प्रत्येक गिअरचा रेशो (गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या एका फेऱ्यासाठी इंजिन किती फेरे घेते तो आकडा), मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यासाठी गिअरबॉक्समधून येणारा दांडा किती फेरे घेतो तो आकडा) आणि टायरचा व्यास हे तीन आकडे मिळवावेत. गिअर आणि एक्सलचे रेशो निर्मात्याच्या तांत्रिक माहितीत असतात, आणि टायरचा व्यास टायरच्या बाजूवर छापलेल्या मापावरून काढता येतो. एकाच मॉडेलची गाडी वेगवेगळ्या एक्सल रेशोंसह विकली जाते, त्यामुळे मित्राच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला तसाच्या तसा लागू पडेल असे नाही. फोर्ड एफ-१५० मध्ये ३.३१, ३.५५ आणि ३.७३ हे रेशो दिले गेले आहेत. रॅम १५०० मध्ये ३.२१ पासून ३.९२ पर्यंत मिळतात. आकडा मोठा असेल तितकी ओढ जास्त, आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त.

इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे काढण्याचे सूत्र सोपे आहे: ताशी मैलांतला वेग × एक्सल रेशो × गिअर रेशो × ३३६ ÷ टायरचा इंचांतला व्यास. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणारा भाग, लॉक होऊन दोघांना थेट जोडत असेल तेव्हा हे उत्तर जवळजवळ अचूक येते.

उदाहरणासाठी एफ-१५० चा दहा गिअरचा गिअरबॉक्स घेऊ. त्याचे रेशो पहिल्यापासून दहाव्यापर्यंत असे आहेत: ४.६९६, २.९८५, २.१४६, १.७६९, १.५२०, १.२७५, १.०००, ०.८५४, ०.६८९ आणि ०.६३६. म्हणजे सातवा गिअर सरळ (रेशो नेमका एक), तर आठवा, नववा आणि दहावा हे ओव्हरड्राइव्ह (रेशो एकाहून कमी). एक्सल ३.५५ चा आणि टायर ३२ इंचांचा धरला, तर ताशी ६५ मैलांना दहाव्या गिअरमध्ये सुमारे १,५४० फेरे पडतात, आठव्यात २,०७०, सातव्यात २,४२०, सहाव्यात ३,०९० आणि पाचव्यात ३,६८०. हाच हिशेब ५५ आणि ४५ मैलांसाठीही करून कागदावर मांडावा आणि तो कागद गाडीतच ठेवावा. आठ गिअरच्या रॅममध्ये सहावा गिअर सरळ असतो, तर जनरल मोटर्सच्या जुन्या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये चौथा १.१५ आणि पाचवा ०.८५ असल्याने तंतोतंत सरळ गिअरच नसतो. त्यामुळे ‘सहाव्यात चालव’ हा सल्ला गिअरबॉक्स कोणता हे सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतो. बोलायचे ते फेऱ्यांच्या भाषेत.

यानंतर आपल्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि शक्ती कोणत्या फेऱ्यांना सर्वाधिक असते ते पाहावे. फोर्डच्या ३.५ लिटर टर्बो इंजिनाचा ५०० पौंड-फुटांचा टॉर्क ३,१०० फेऱ्यांना मिळतो. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनाला टर्बो नाही. त्याचा ३८३ पौंड-फुटांचा टॉर्क ४,१०० फेऱ्यांना आणि ३५५ अश्वशक्ती ५,६०० फेऱ्यांना मिळते. दोन्ही गाड्या कागदावर तेवढेच ओझे ओढू शकत असल्या, तरी घाटात त्यांचा गिअर एक असणार नाही.

चढाला किती शक्ती लागते

गाडी आणि ट्रेलर मिळून १२,००० पौंड वजन आहे असे धरू. सहा टक्क्यांच्या चढावर हे वजन ७२० पौंडांच्या बलाने गाडीला मागे खेचते. ताशी ५५ मैलांना केवळ या बलावर मात करायला सुमारे १०५ अश्वशक्ती खर्ची पडते. त्यात टायरचे घर्षण आणि उंच कॅम्परला अडणारा वारा मिळवला की हा आकडा दोनशेच्या आसपास जातो.

आता अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे भागिले ५,२५२, हे समीकरण समोर ठेवावे. वर सांगितलेले बिनटर्बोचे व्ही-८ इंजिन २,६०० फेऱ्यांना ३५० पौंड-फूट टॉर्क देते असे मानले, तरी शक्ती भरते १७३. म्हणजे चालकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी त्या गिअरमध्ये गाडी ५५ वर टिकणार नाही. इंजिन कमजोर असल्यामुळे हे होत नाही, त्याला फेरे घेऊ न दिल्यामुळे होते. दोन गिअर खाली आले की तेच इंजिन ३,६०० फेऱ्यांना अडीचशे अश्वशक्तीच्या पलीकडे जाते आणि चढ सहज निघतो.

उंचीचा परिणाम याच हिशेबात धरावा लागतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोत आय-७० या महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत असे इंजिन जवळपास तृतीयांश शक्ती गमावून बसते. समुद्रसपाटीजवळ जो चढ चौथ्या गिअरमध्ये निघतो, त्याच तीव्रतेचा चढ तिथे तिसऱ्यात, चार हजारांहून अधिक फेऱ्यांवर काढावा लागतो. टर्बो इंजिनाला ही तूट बरीच भरून काढता येते.

टो/हॉल मोड आणि हाताने गिअर निवडणे

ट्रेलर जोडल्यावर टो/हॉल मोडचे बटण दाबणे ही सवय झाली पाहिजे. या मोडमध्ये गिअरबॉक्स वरचा गिअर उशिरा टाकतो, खालचा गिअर लवकर घेतो, टॉर्क कन्व्हर्टर शक्य तितका लॉक ठेवतो आणि उतारावर ब्रेकला पाय लागला की एखादा गिअर आपणहून पाडतो. सपाट आणि किंचित चढउताराच्या रस्त्याला एवढे बहुतेक वेळा पुरते. ट्रेलर अगदी हलका असेल आणि रस्ता पूर्ण सपाट असेल, तर या मोडची गरज पडतेच असे नाही.

डोंगरात मात्र टो/हॉलच्या जोडीला हाताने निवड करावी, आणि त्यासाठी आपल्या गाडीतली सोय नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे आधी समजून घ्यावे. पहिल्या प्रकारात तुम्ही कमाल गिअर ठरवता. पडद्यावर ६ दिसत असेल तर त्याचा अर्थ ‘सहाव्याच्या वर जाऊ नकोस’ एवढाच असतो. गरज पडल्यास गिअरबॉक्स पाचव्यात किंवा चौथ्यात जाऊ शकतो. फोर्ड आणि रॅमच्या अनेक पिकअपमध्ये ही सोय आहे. दुसऱ्या प्रकारात तुम्ही सांगितलेला गिअरच गाडी धरून ठेवते. चढावर पहिला प्रकार अधिक सोयीचा, कारण जास्त जोर लागला तर गिअरबॉक्सला खाली जाण्याची मोकळीक राहते. उतारावरही तो चालतो, परंतु तिथे कमाल गिअर पुरेसा खालचा लावलेला हवा. हे सगळे रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर आधी करून पाहावे. बटण कुठे आहे, गिअर पडायला किती वेळ लागतो आणि पुन्हा पूर्ण स्वयंचलित अवस्थेत कसे यायचे, हे हाताच्या सवयीचे झाले पाहिजे.

सपाट महामार्ग: ओव्हरड्राइव्ह वापरावा का

‘ट्रेलर असताना ओव्हरड्राइव्ह बंद’ हा नियम चार गिअरच्या गिअरबॉक्सच्या काळातला आहे, आणि त्या काळात तो योग्यही होता. आज एकाऐवजी दोन-तीन ओव्हरड्राइव्ह गिअर असतात आणि त्यांतला पहिला बऱ्याचदा ओझ्यासह उत्तम चालतो. वरच्या उदाहरणातला आठवा गिअर ६५ मैलांना २,०७० फेरे देतो. टर्बो इंजिनाला सपाट रस्त्यावर तेवढे पुरतात. दहाव्यातले १,५४० फेरे मात्र ओझ्यासाठी फार कमी आहेत.

कमी फेऱ्यांवर इंजिनाला जबरदस्तीने ओढायला लावले की ते गुदमरल्यासारखा घोगरा आवाज करते आणि गाडीला बारीक थरथर जाणवते. पेट्रोलच्या थेट इंजेक्शन टर्बो इंजिनात अशा स्थितीत मिश्रण अवेळी पेटण्याचा धोका असतो आणि तो पिस्टनला महागात पडू शकतो. त्यामुळे इंधन वाचेल या आशेने सर्वांत वरच्या गिअरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. शिवाय एवढ्या ओझ्यासाठी लागणारी शक्ती तेवढीच असल्याने वाचणारे इंधनही फारसे नसते.

गिअर बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. गिअरबॉक्स दर अर्ध्या मिनिटाला वर-खाली करत असेल, तर त्याला जो गिअर टिकवता येत नाही तो त्याला नाकारावा आणि कमाल मर्यादा एकाने खाली आणावी. समोरून जोराचा वारा असेल तर कॅन्सससारख्या सपाट मुलखातही एक गिअर खाली राहावे लागते. उंच कॅम्परला समोरचा वारा लहानशा चढासारखाच वागतो.

गिअरची ही अस्थिरता केवळ कानाला त्रास देते असे नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी क्लच घसरतात आणि टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक सुटते. लॉक सुटलेला कन्व्हर्टर तेलाच्या माध्यमातून शक्ती पोहोचवतो आणि त्या घुसळणीत वाया गेलेली सगळी शक्ती उष्णतेच्या रूपाने गिअरबॉक्सच्या तेलात उतरते. स्वयंचलित गिअरबॉक्सचे आयुष्य जास्तीत जास्त खाणारी गोष्ट हीच उष्णता आहे.

चढ चढताना

चढाची पाटी दिसली की चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा. वेग हातात असताना पाडलेला एक गिअर पुरतो. वेग गमावल्यावर तीन पाडावे लागतात, आणि इंजिनाच्या फेऱ्यांनी एकदम उसळी घेतली की शेजारी बसलेल्या माणसाचाही जीव दचकतो. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला लांब चढावर ३,५०० ते ४,५०० फेऱ्यांमध्ये, टर्बो पेट्रोलला २,५०० ते ३,५०० मध्ये आणि डिझेलला सुमारे २,००० ते २,८०० मध्ये ठेवावे, हा मी मानत असलेला ढोबळ अंदाज आहे. तो आपल्या इंजिनाच्या आकड्यांशी ताडून पाहावा.

अनेकांना ४,००० फेऱ्यांच्या आवाजाची भीती वाटते आणि ते गिअर वर टाकून इंजिनाला ‘आराम’ देऊ पाहतात. ही समजूत सोडून दिली पाहिजे. लाल रेषेच्या (फेऱ्यांच्या काट्यावरच्या कमाल मर्यादेच्या) बरेच खाली, स्थिर फेऱ्यांवर चालणारे इंजिन त्रासात नसते. उलट, फेरे जास्त असताना पाण्याचा आणि तेलाचा पंप जोराने फिरतो, कन्व्हर्टर लॉक राहतो आणि उष्णता लवकर बाहेर जाते. म्हणून चढावर तापमानाचा काटा वर जाऊ लागला की पहिला उपाय एक गिअर खाली घेऊन वेग दहा मैलांनी कमी करणे हा असतो. त्यानेही भागले नाही तर एसी बंद करावा, आणि तरीही काटा चढतच राहिला तर सुरक्षित जागी थांबावे. थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता पी (पार्क) मध्ये काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे तेल, पाणी आणि हवा फिरत राहते आणि टर्बोही हळूहळू निवतो.

गिअरबॉक्सच्या तेलाचा काटा आपल्या गाडीत नसेल तर पडद्यावरच्या माहितीत तो कुठे सापडतो ते शोधून ठेवावे. अनेक आधुनिक पिकअपमध्ये हे तापमान २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास राहते. निर्मात्याची मर्यादा पुस्तिकेत पाहावीच, परंतु आकड्याइतकेच त्याच्या कलाकडे लक्ष द्यावे: दर मैलाला पाच-पाच अंशांनी चढणारे तापमान गिअर चुकल्याचे सांगत असते.

चढावर वेगाचा हव्यास नसावा. पिकअपची ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या एसएई जे२८०७ या मानकात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाची कसोटी आहे. सुमारे ११.४ मैलांचा तो चढ कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, सामान्य पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली न येता काढायचा असतो. म्हणजे पूर्ण क्षमतेच्या ओझ्यासाठी खुद्द मानकालाही ४० मैल मान्य आहेत. उजव्या मार्गिकेत धोक्याचे दिवे लावून, योग्य गिअरमध्ये ४५ मैलांनी जाणाऱ्या गाडीला संकोचण्याचे काही कारण नाही.

उतार: सर्वांत महत्त्वाचा निर्णय

चढावर गिअर चुकला तर वेग जातो आणि गाडी तापते. उतारावर गिअर चुकला तर ब्रेक जातात. म्हणून या भागाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, अशी माझी वाचकांना आग्रहाची विनंती आहे.

आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना काही मैलांतच सुमारे २,४०० फूट उंची कमी होते आणि उतार सात टक्क्यांपर्यंत जातो. आपली १२,००० पौंडांची जोडी एवढी खाली येताना जी ऊर्जा सोडते, तेवढ्यात साधारण १२० लिटर पाणी उकळीला येईल. ही ऊर्जा वारा, टायर, इंजिन आणि ब्रेक यांनाच वाटून घ्यावी लागते, आणि इंजिनाचा वाटा किती असेल हे गिअर ठरवतो. इंजिनाचा वाटा कमी असेल तर उरलेले सगळे ब्रेकच्या माथी येते. ब्रेक तापत जातात, लायनरची पकड सुटते, आणि पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. अशा रस्त्यांवर बाजूला वाळूचे किंवा खडीचे निसटउतार (ब्रेक गेलेली गाडी घालून थांबवण्याच्या वाटा) बांधलेले असतात, ते याच कारणासाठी.

आधी वेग ठरवावा आणि मग त्या वेगाला साजेसा गिअर. उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, वेग ४५ वर आणून गिअर खाली घ्यावा. आपल्या उदाहरणात ४५ मैलांना पाचव्या गिअरमध्ये २,५५०, चौथ्यात २,९७० आणि तिसऱ्यात ३,६०० फेरे पडतात. ब्रेकला पाय न लावता गाडी चौथ्यात वेग पकडू लागली, तर तिसरा घ्यावा. गिअर बरोबर आहे याची कसोटी अशी, की ब्रेक सोडल्यावर वेग स्थिर राहतो किंवा अगदी सावकाश वाढतो. लाल रेषेपासून दूर राहून उतारावर ४,००० किंवा त्याहून थोडे अधिक फेरे झाले तरी घाबरू नये. त्या वेळी इंजिन इंधन जवळजवळ घेतच नसते, केवळ गाडीला धरून ठेवत असते.

महाराष्ट्रात घाटाचा रस्ता शिकवताना ‘ज्या गिअरने चढलात, त्याच गिअरने उतरा’ असे सांगितले जाते. अमेरिकेतल्या व्यावसायिक चालकांच्या अधिकृत पुस्तिकेत या जुन्या नियमाचा उल्लेख आहे, आणि नव्या वाहनांना तो पुरत नाही असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. नव्या इंजिनांची शक्ती जास्त असल्याने ती वरच्या गिअरमध्ये चढ काढतात, आणि त्यांचे अंतर्गत घर्षण व वाऱ्याचा अडथळा कमी असल्याने उतारावर ती कमी अडवतात. त्यामुळे उतरताना बऱ्याचदा चढतानापेक्षाही खालचा गिअर लागतो. लहान टर्बो इंजिनांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे: ३.५ लिटरचे टर्बो इंजिन चढाला मोठ्या व्ही-८ ला मागे टाकते, पण उतारावर गाडीला धरून ठेवण्याची त्याची ताकद त्याच्या लहान आकारमानाइतकीच असते. ओझ्याचा आकारही यात येतो. उंच कॅम्परला वारा बराच आवरतो. तेवढ्याच वजनाचा, ट्रॅक्टर किंवा फरश्या लादलेला बसका ट्रेलर वाऱ्याला सापडतच नाही आणि त्याला आणखी एक गिअर खाली लागू शकतो.

गिअर बरोबर असूनही वेग थोडा वाढेल तेव्हा ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नये. ठरवलेला वेग ४५ असेल, तर तो गाठल्यावर सुमारे तीन सेकंद ठामपणे ब्रेक दाबून ४० वर यावे आणि पाय पूर्ण उचलावा. पुन्हा ४५ झाले की हेच करावे. मधल्या वेळात ब्रेकना निवायला सवड मिळते. ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक कंट्रोलरवर (चालकाजवळच्या त्यांच्या नियंत्रकावर) नीट जुळवलेले असतील, तरच ट्रेलर आपला वाटा उचलतो; ही जुळवणी सपाट रस्त्यावर, कमी वेगात, निघतानाच करून घ्यावी.

मोठ्या डिझेल पिकअपमध्ये एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडीला रोखणारी सोय, असतो. तो अत्यंत उपयुक्त आहे, मात्र कमी फेऱ्यांवर त्याची ताकद क्षीण असते. एक्झॉस्ट ब्रेक चालू करून वरच्याच गिअरमध्ये राहिलात, तर तो असून नसल्यासारखा वाटेल. टो/हॉल चालू ठेवून फेरे २,००० च्या वर नेले की त्याचा खरा जोर कळतो.

इंधन वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय कोणाला असेल, तर ती ट्रेलरच्या बाबतीत पूर्णपणे विसरावी. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वाटा शून्य होतो, आणि आधुनिक इंजिन गिअरमध्ये उतरताना इंधन तोडत असल्याने वाचतही काही नाही.

निर्णय चुकून वेग हाताबाहेर जाऊ लागला, तर काय करावे हेही आधीच ठरवून ठेवावे. ६५ मैलांवर असताना तिसरा गिअर मागितला, तर गिअरबॉक्स तो देणार नाही, कारण इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातील. अशा वेळी ब्रेक अजून शाबूत असतानाच एकदा जोराने आणि सरळ रेषेत दाबून वेग पुरेसा खाली आणावा, आणि त्याच क्षणी गिअर पाडत यावे. ब्रेक मऊ लागत असतील किंवा जळका वास येत असेल, तर पुढच्या निसटउतारात गाडी घालण्यास कचरू नये.

दोन परिस्थितींत हा क्रम बदलतो. रस्ता ओला किंवा बर्फाळ असेल तर चालू वेगात एकदम दोन गिअर पाडू नयेत. इंजिनाचा अडथळा केवळ इंजिन फिरवते त्या चाकांवर येतो. मागची चाके घसरली तर ट्रेलर मागून ढकलून गाडी आडवी करू शकतो. अशा वेळी वेग खूप आधी कमी करून एकेक गिअर हळुवार घ्यावा, आणि बर्फावर एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवावा. दुसरी परिस्थिती ट्रेलर हेलकावे खाऊ लागण्याची. तेव्हाही गिअर पाडू नये आणि गाडीचा ब्रेक दाबू नये; ॲक्सिलरेटर सोडून, स्टिअरिंग सरळ धरून, कंट्रोलरच्या कळीने केवळ ट्रेलरचे ब्रेक हलके लावावेत. ट्रेलर मागून ताणला गेला की जोडी सरळ होते.

क्रूझ कंट्रोलविषयी माझे मत असे, की सपाट रस्त्यावर तो खुशाल वापरावा आणि डोंगर लागला की बंद करावा. काही नव्या गाड्यांत तो टो/हॉलसह उतारही चांगला सांभाळतो, तरी पुढचे वळण त्यालाही दिसत नाही.

कमी वेगाची कामे आणि शेवटी पी

बोट पाण्यातून रॅम्पवर ओढून काढताना किंवा चढावर ट्रेलर मागे ढकलत जागेवर लावताना टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, आणि काही मिनिटांतच गिअरबॉक्सचे तेल झपाट्याने तापते. चारचाकी ओढ असलेल्या गाडीत अशा कामाला ४-लो (चारही चाकांना ओढ देणारी, अगदी कमी वेगाची गिअरश्रेणी) वापरल्यास इंजिनावरचा आणि कन्व्हर्टरवरचा ताण फार कमी होतो, आणि गाडी मुंगीच्या पावलाने चालवता येते. ४-लो टाकताना गाडी जवळजवळ थांबलेली आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा, आणि कोरड्या सिमेंटवर तीव्र वळण घेणे टाळावे, कारण पुढची व मागची चाके एकमेकांत अडकल्यासारखी फिरतात आणि ताण एक्सलवर येतो.

मुक्कामी जागा उताराची असेल तर थेट पी मध्ये गिअर टाकून ब्रेक सोडू नये. तसे केल्यास गाडी आणि ट्रेलरचे सगळे वजन गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिटीवर लटकते आणि सकाळी पी मधून गिअर काढताना मोठा आवाज होतो. पायाने ब्रेक धरून ठेवावा, सोबतच्या माणसाकडून ट्रेलरच्या चाकांना उताराच्या बाजूने ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावून घ्यावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक सावकाश सैल करावा म्हणजे वजन ओटांवर बसते. त्यानंतर पुन्हा ब्रेक दाबून पार्किंग ब्रेक पूर्ण लावावा, मगच पी मध्ये गिअर टाकावा आणि इंजिन बंद करावे. सकाळी निघताना हाच क्रम उलटा करावा: आधी इंजिन सुरू करून ब्रेक दाबावा, गिअर टाकावा, पार्किंग ब्रेक सोडावा, गाडी चढाच्या दिशेने किंचित सरकवून ओट मोकळे करावेत, पुन्हा ब्रेक दाबावा, आणि ते काढून घेईपर्यंत पाय ब्रेकवरून हलवू नये.